अभिलेखांच्या वर्णनसूची सामायिक करण्याचे लाभ : होळकरकालीन इंदूरच्या कागदपत्रांसंदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

इंदूरच्या राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर, खान नदीच्या काठी, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. यशवंतराव होळकरांच्या पत्नी कृष्णाबाई, तसेच तुकोजीराव (दुसरे) व शिवाजीराव यांच्या स्मरणार्थ त्या उभारण्यात आल्या. समजा, एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने या छत्र्यांसमोर उभे राहून आपल्या प्राध्यापकांना विचारले, "सर, कृष्णाबाईंच्या काळातील इंदूरचे कागद मला कोठे पाहावयास मिळतील? त्या काळी येथे राहणाऱ्या मुस्लिम शिपायांचे, कारागिरांचे, काझींचे कागद कोणाकडे आहेत?" तर त्याला काय उत्तर द्यावे?

प्रामाणिक उत्तर असे, की कागद पुष्कळ आहेत, परंतु ते एका जागी नाहीत. आणि कोठे काय आहे हे एका जागी बसून कळण्याची सोयही नाही. या दोन अडचणींपैकी पहिली दूर करणे जवळजवळ अशक्य आहे. दुसरी मात्र फारशा खर्चाशिवाय दूर करता येण्याजोगी आहे. प्रत्येक अभिलेखागाराने आपल्याकडील कागदांची वर्णने एका सामायिक ऑनलाइन सेवेत ठेवावी, हा तिच्यावरील उपाय होय. या उपायाचे लाभ कोणते, त्याच्या मर्यादा कोणत्या, आणि आपल्यासारख्या शैक्षणिक संस्थांनी त्यात कोणता वाटा उचलावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कागद आणि कागदाचे वर्णन

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. कागदाचे छायाचित्र संगणकावर चढविणे म्हणजे अंकीकरण. कागद कोणाचा, कोणत्या काळचा, किती, कशाविषयी आणि कोठे ठेवलेला आहे हे चार ओळींत सांगणे म्हणजे वर्णन. आपल्याकडे अंकीकरणाची चर्चा भरपूर होते. वर्णनाची फार कमी. वास्तविक वर्णनाशिवाय अंकीकरण म्हणजे किल्ली हरवलेली पेटी होय. लाखो छायाचित्रे असली तरी हवे ते नेमके कोणते हे सांगणारे कोणी नसेल, तर त्यांचा उपयोग नाही.

वर्णनाचे मोल इस्लामी विद्यापरंपरेला नवे नाही. बगदादचा ग्रंथव्यावसायिक इब्न अल-नदीम याने हिजरी ३७७ म्हणजे इ. स. ९८७ मध्ये 'अल-फिहरिस्त' हा ग्रंथ दहा मकालांत सिद्ध केला. अरबी भाषेत उपलब्ध असलेल्या ग्रंथांची व ग्रंथकारांची ती नोंद होती. पुढील शतकांत त्यांतील असंख्य ग्रंथ नष्ट झाले. अनेक ग्रंथांविषयी आज जी काही माहिती आहे ती केवळ त्या नोंदीमुळे आहे. ग्रंथ गेला, वर्णन राहिले. आणि वर्णन राहिल्यामुळे काय गेले हे तरी समजले.

मराठ्यांच्या इतिहासाच्या क्षेत्रात मात्र आपण सूचीपेक्षा निवडीवर अधिक भर दिला. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. पारसनीसांनी महेश्वर दरबारची बातमीपत्रे छापली. ठाकूर यांनी संपादिलेली 'होळकरशाहीच्या इतिहासाची साधने' १९४४-४५ मध्ये इंदुरातून प्रकाशित झाली. या कार्याचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. निवड संपादकाला काय महत्त्वाचे वाटले ते सांगते; सूची प्रत्यक्षात काय आहे ते सांगते. निवडीतून काय गळले हे वाचकाला कधीच कळत नाही. लढाया, तह आणि दरबारी कारस्थाने यांकडे ज्या पिढीचे लक्ष होते, तिच्या निवडीत मोमीन विणकराचा अर्ज किंवा मशिदीच्या दिवाबत्तीची नेमणूक वगळली गेली, तर त्यात दुष्टावा नव्हता. पण शंभर वर्षांनंतरचा अभ्यासक तो कागद नव्हताच असे समजून चालतो. गळलेल्या कागदाला न्याय मिळायचा तर तो सूचीतच मिळेल.

कागद कोठे कोठे विखुरले?

होळकर संस्थान मे १९४८ मध्ये मध्यभारत संघात विलीन झाले व नोव्हेंबर १९५६ मध्ये तो प्रदेश मध्यप्रदेशात आला. संस्थानच्या कारभाराचे कागद या मार्गाने राज्य शासनाच्या अभिलेख विभागाकडे आले. पेशव्यांशी झालेला होळकरांचा पत्रव्यवहार पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दफ्तराच्या हजारो रुमालांत आहे. इंदूर हे सेंट्रल इंडिया एजन्सीचे ठाणे असल्यामुळे इंग्रजांनी येथून पाठविलेला व येथे आलेला मजकूर नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात व लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहे. शेजारच्या भोपाळ संस्थानचे फारसी, उर्दू व इंग्रजी कागद राष्ट्रीय अभिलेखागाराच्या भोपाळ येथील कार्यालयात आहेत. मंदसोर जिल्ह्यातील सीतामऊ येथे महाराजकुमार रघुबीरसिंह यांनी आयुष्यभर जमविलेला संग्रह श्री नटनागर शोध संस्थानात आहे. तेथे फारसी अखबारांच्या नकला आहेत, तसेच कोट्याच्या गुळगुळे दफ्तरातील मराठी पत्रेही अभ्यासता येतात.

मुस्लिम समाजाच्या दृष्टीने पाहिल्यास ही यादी आणखी लांबते. यशवंतराव होळकरांचे सहकारी अमीरखान यांनी नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांशी करार केला व टोंक संस्थान उदयास आले. टोंकच्या नबाबांच्या ग्रंथसंग्रहाचा वारसा तेथील मौलाना अबुल कलाम आझाद अरबी-फारसी संशोधन संस्थेकडे आहे. महिदपूरच्या लढाईनंतर ६ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या मंदसोरच्या तहात बाराव्या कलमान्वये गफूरखान यांच्या जहागिरीची हमी देण्यात आली. त्यातून जावरा संस्थान घडले. म्हणजे होळकरांच्या फौजेतील दोन मुस्लिम सरदारांचा इतिहास इंदूर, टोंक, जावरा, दिल्ली व लंडन अशा पाच ठिकाणी वाटला गेला. खाजगी घरांतील सनदा, दर्ग्यांचे दस्तऐवज आणि काझी घराण्यांच्या वह्या यांत धरलेल्याच नाहीत.

डिसेंबर १९४६ मध्ये भारतीय ऐतिहासिक अभिलेख आयोगाचे तेविसावे अधिवेशन इंदुरात भरले होते. त्या काळी अभ्यासकांपुढे खाजगी कागदांच्या पाहणीचा प्रश्न होताच. पुढे राष्ट्रीय अभिलेखागाराने खाजगी अभिलेखांच्या नोंदवहीचे खंडही छापले. प्रश्न जुना आहे. साधन तेवढे नवे आले आहे.

सामायिक सेवेची घडण

अशी सेवा म्हणजे काही अद्‌भुत यंत्रणा नव्हे. संस्था आपले कागद आपल्याजवळच ठेवते. त्यांचे वर्णन ठरलेल्या रकान्यांत लिहिते व त्याची एक प्रत मध्यवर्ती सेवेकडे पाठविते. वाचक एका जागी शब्द टाकतो आणि अनेक संस्थांतील नोंदी त्याच्यासमोर येतात. कागद पाहण्यासाठी तो नंतर त्या संस्थेशी संपर्क साधतो.

अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९५९ पासून देशभरातील हस्तलिखित संग्रहांची संयुक्त सूची तयार करण्यास आरंभ केला. ती दीर्घकाळ छापील खंडांच्या रूपात निघत होती. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये विद्यापीठांच्या सहकार्यातून 'आर्काइव्ह्ज हब' सुरू झाले. आज त्यात ३०० हून अधिक संस्थांची वर्णने आहेत. या सेवेने आरंभी प्रत्येक कागदाची नोंद मागितली नाही. संपूर्ण संग्रहाचे एक वर्णन पुरेसे मानले. म्हणून लहान संस्थाही सामील होऊ शकल्या. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांच्या पुढाकारातून ब्रिटनमधील इस्लामी हस्तलिखितांची जी संयुक्त सूची सिद्ध झाली, तिला इब्न अल-नदीमच्या ग्रंथावरून 'फिहरिस्त' असेच नाव देण्यात आले.

आपल्या देशात २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन स्थापन झाले व २०१५ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराने 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ खुले केले. दिल्लीतील फायलींचे विषय, वर्षे व क्रमांक घरबसल्या शोधता येऊ लागले. छोट्या गावातील महाविद्यालयीन शिक्षकाच्या दृष्टीने हा फार मोठा बदल आहे, हे कोणीही मान्य करील.

लाभांचा विचार

१) विखुरलेला संग्रह वाचकापुरता एकत्र येतो. टोंकचा फारसी ग्रंथ, पुण्यातील मोडी पत्र व दिल्लीतील इंग्रजी फाइल एकाच घटनेविषयी असल्याचे तिन्ही वर्णने शेजारी आल्यावरच ध्यानात येते. अमीरखानांचे चरित्र बसावनलाल यांनी फारसीत लिहिले. प्रिन्सेपने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८३२ मध्ये कलकत्त्यात छापले गेले. भाषांतर सर्वांना माहीत. मूळ फारसीच्या प्रती कोठे कोठे आहेत हा प्रश्न मात्र संयुक्त सूचीशिवाय सोडविणे कठीण.

२) वेळ व पैसा वाचतो. आपल्या शिक्षकांना संशोधनासाठी दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी मिळते. तीतील आठ दिवस परगावी जाऊन, हवे ते येथे नाहीच, एवढेच कळण्यात जाणार असतील, तर संशोधन कसे व्हावे? ज्याच्याजवळ प्रवासाला पैसे आहेत त्याला सूचीची गरज कमी. ज्याच्याजवळ नाहीत त्याला ती सर्वांत अधिक. या अर्थाने सामायिक सूची हा समान संधीचा प्रश्न आहे. विशेषतः आपल्या विद्यार्थिनींच्या बाबतीत तो तसा आहे. परगावी आठ दिवस राहण्याची परवानगी घरातून मिळवावयाची, तर तेथे काय पाहावयाचे आहे हे कागदावर दाखविता आले पाहिजे.

३) आपत्तीत निदान नोंद वाचते. इंदूरच्या राजवाड्याने १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांच्या स्वारीत, पुन्हा १८३४ मध्ये आणि १९८४ च्या दंगलीत आग पाहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला व तिच्या सूची अनेक महिने वाचकांना पूर्वीसारख्या उपलब्ध नव्हत्या. कागद शाबूत होते. परंतु त्यांच्यापर्यंत नेणारी वाट बंद पडली होती. ज्या वर्णनांची प्रत दुसऱ्या ठिकाणी असते, त्यांच्याबाबत अशी वेळ आली तरी वाचक अगदीच निराधार होत नाही. एकच सूची, एकाच कपाटात किंवा एकाच संगणकावर, हा धोका आपल्या अनेक संस्था आजही पत्करीत आहेत.

४) चुका दुरुस्त होतात. सूची लिहिणारा मोडी जाणतो तर फारसी जाणत नाही. फारसी जाणतो तर मोडी नाही. ग. ह. खरे किंवा सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखे दोन्ही विश्वांत वावरणारे अभ्यासक विरळाच. वर्णन चारचौघांसमोर आले, की बुऱ्हाणपुरातील फारसीचा जाणकार पुण्यातील नोंदीतील चूक दाखवू शकतो.

५) लहान संग्रह दृष्टीस पडतात. मोठ्या अभिलेखागारांची नावे संशोधकांना ठाऊक असतात. तालुक्याच्या गावातील मदरशाच्या कपाटात असलेला दस्तऐवज मात्र कोणाच्या कल्पनेतही नसतो. सामायिक सूचीत शोध घेताना लहान व मोठी संस्था एकाच पानावर येतात.

मर्यादा : सेवेने काय हरवू शकते?

लाभ मान्य केल्यानंतर चिकित्सा अपरिहार्य ठरते. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेने वर्णनासाठी जे नियम केले (पहिली आवृत्ती १९९४), त्यांत देशोदेशी देवाणघेवाण करण्यासाठी सहा घटक अत्यावश्यक मानले आहेत : संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, काळ, परिमाण आणि वर्णनाची पातळी, म्हणजे नोंद संपूर्ण संग्रहाची आहे की एका कागदाची. भाषा व लिपी यांसाठी नियमांत रकाना आहे, परंतु तो या सहांत नाही. ज्या देशात कागदाची भाषा व लिपी गृहीत धरता येते तेथे हे चालून जाईल. आपल्याकडे ते चालणार नाही.

दख्खनेतील आदिलशाही व निजामशाही कागदांत एकाच पत्रावर फारसी व मराठी मजकूर आढळतो. त्याचे वर्णन केवळ 'मराठी पत्र' असे झाले तर फारसीचा अभ्यासक त्याच्याकडे फिरकणार नाही. 'फारसी फर्मान' असे झाले तर मराठीचा अभ्यासक त्याला मुकेल. ज्या कागदाने दोन समाजांच्या एकत्र व्यवहाराची साक्ष द्यावयाची, त्याला सूचीच दोहोंपैकी एका बाजूस बसविते. ही केवळ तांत्रिक त्रुटी नव्हे. इतिहासाच्या आकलनावर तिचा परिणाम होतो.

दुसरी अडचण कालगणनेची. मराठी कागदांत शुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो व महिनेही मुहर्रम, सफर, रमजान असे असतात. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे ११७१. चांद्र महिने पाहून एखाद्याने हा आकडा हिजरी सन समजला, तर तो इ. स. १७५७-५८ असा नोंदवील. वास्तविक शुहूर ११७१ म्हणजे १७७०-७१. तेरा वर्षांच्या या चुकीने पानिपतानंतरचा, अहिल्याबाईंच्या कारभारातील कागद पानिपतापूर्वीच्या मल्हाररावांच्या काळात जाऊन पडतो. छापील सूचीत अशी चूक एका ग्रंथालयात राहते. सामायिक सेवेत ती क्षणात सर्वत्र पोहोचते. म्हणून मूळ मिती जशी आहे तशी व तिच्यासमोर इसवी सन, असे दोन्ही दिले पाहिजे.

तिसरी अडचण नावांची. अमीरखान मराठी कागदांत 'मीरखान' असतात. इंग्रजीत 'अमीर', 'मीर' आणि त्यांची नाना वर्णरूपे. यशवंतराव जुन्या इंग्रजी दप्तरात 'जसवंत राव' म्हणून येतात. गफूरखान फारसीत अब्दुल गफूर होतात. एक रूप टाकून शोध घेणाऱ्याला बाकीचे कागद दिसत नाहीत. आणि संगणकाने 'नोंद नाही' असे सांगितले, की तो 'कागद नाही' असा निष्कर्ष काढतो. छापील सूची चाळताना डोळा शेजारच्या नोंदीवर तरी पडतो. संगणकाचे उत्तर मात्र निःशंक असते, आणि या निःशंकपणाचीच विद्यार्थ्यांना अगोदर सूचना दिली पाहिजे.

चौथी गोष्ट व्याप्तीची. 'अभिलेख पटल' मुख्यतः राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्वतःच्या संग्रहाचे दार आहे. त्यातील इंग्रजी फायलींची शीर्षके त्या काळच्या इंग्रज कारकुनांनी दिलेली आहेत. त्यांच्या दृष्टीने जो 'उपद्रव' तो कदाचित रयतेच्या दृष्टीने गाऱ्हाणे असेल. पांडुलिपी मिशनने हस्तलिखित ग्रंथांचा विचार केला. फर्माने व महसुली कागद यांना त्याने हस्तलिखितांहून वेगळे मानले. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या 'ज्ञान भारतम्‌' मिशनने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या पाहणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. तेथेही ग्रंथ व दफ्तर यांतील हा भेद ध्यानात ठेवावा लागेल. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा मुख्यतः केंद्र शासनाच्या व केंद्रशासित प्रदेशांच्या अभिलेखांपुरता आहे. अशा स्थितीत काझी घराण्याची सनद ना ग्रंथात बसते, ना सरकारी फायलीत. दोन्ही जाळ्यांतून ती निसटते.

पाचवी गोष्ट सातत्याची. इंग्लंडमध्ये 'ॲक्सेस टू आर्काइव्ह्ज' या उपक्रमाने जुन्या छापील व टंकलिखित सूची मोठ्या प्रमाणावर संगणकावर आणल्या. २००८ मध्ये तो कार्यक्रम संपला. वर्णने पुढे तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूचीत सामावून घेतली गेली, म्हणून ती वाचली. अनुदान संपल्यावर संकेतस्थळही संपते हा अनुभव आपल्याला नवा नाही. म्हणून वर्णनाची मूळ प्रत संस्थेने स्वतःजवळ, साध्या व कोणत्याही संगणकावर उघडेल अशा रूपात ठेवलीच पाहिजे.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

आपल्या समाजातील संस्थाचालक व मुतवल्ली यांच्याशी हा विषय काढला, की एक भीती हमखास पुढे येते : "कागद आहे हे जगाला कळले, तर उद्या त्यावरून वाद उभा राहील." ही भीती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. दर्गा, कब्रस्तान, इनाम जमीन यांविषयीचे तंटे न्यायालयांत चालू असतात आणि कागद हाच त्यांत आधार असतो.

तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जून २०२५ मध्ये केंद्र शासनाचे 'उमीद' संकेतस्थळ सुरू झाले व वक्फ मिळकतींचा तपशील ठराविक मुदतीत त्यावर भरण्याची वेळ आली. अशा प्रसंगी ज्या संस्थेकडे आपल्या कागदांची क्रमवार यादी असते तिला पेटी उघडून कामाला लागता येते; जिच्याकडे नसते तिला प्रथम पेटी शोधावी लागते. लपविलेला कागद सुरक्षित असतो असे नाही. पुष्कळदा तो वाळवीपासून किंवा वारसांच्या वाटणीपासूनही सुरक्षित नसतो, आणि गेला तर गेल्याचेही कळत नाही.

शिवाय वर्णन देणे म्हणजे कागद देणे नव्हे. 'पाहण्यासाठी संस्थेची लेखी परवानगी आवश्यक' असे वर्णनातच लिहिता येते. निकाहनाम्यांच्या वह्या व तलाकच्या नोंदी यांच्याबाबत तर व्यक्तींची नावे मुळीच देऊ नयेत. 'निकाह नोंदवह्या, अमुक ते अमुक साल, इतक्या वह्या, भाषा उर्दू' एवढी संग्रहपातळीची नोंद पुरे. किती उघड करावयाचे ते संस्थेने ठरवावे. पण काही आहे एवढे तरी सांगावे. एक मात्र खरे, की चालू न्यायप्रविष्ट प्रकरणातील कागदांची नोंद वकिलांच्या सल्ल्यानेच खुली करणे उचित होय.

आपल्या महाविद्यालयांचे कार्य

सामायिक सेवेचा विचार करताना आपण स्वतःला नेहमी वाचकाच्या जागी कल्पितो. देणारे दुसरे, घेणारे आपण. ही भूमिका बदलली पाहिजे. आपल्या समाजाचा इतिहास इतरांच्या सूचीत सापडत नाही अशी तक्रार आपण करतो. मग आपली स्वतःची सूची कोठे आहे? पन्नास-पंच्याहत्तर वर्षे चाललेल्या आपल्या शाळांची हजेरीपत्रके, कार्यकारिणीची इतिवृत्ते, देणगीच्या पावत्या, वसतिगृहाची पुस्तके हेही अभिलेखच आहेत. कोणत्या मोहल्ल्यातील पहिली मुलगी केव्हा शाळेत आली, तिच्या वडिलांचा धंदा काय होता, ती कोणत्या इयत्तेत शाळा सोडून गेली, हे दाखल-खारीज रजिस्टरशिवाय दुसरे कोण सांगणार?

आरंभ लहान असावा. इतिहास, उर्दू, फारसी व मराठी विभागांच्या शिक्षकांनी एकत्र येऊन एका वर्षात एकच संग्रह घ्यावा. वर उल्लेखिलेले सहा घटक व त्यांना जोडून आणखी तीन : भाषा व लिपी, मूळ मिती, आणि नावांची पर्यायी रूपे. असे नऊ रकाने पुरेत. प्रथम संपूर्ण संग्रहाचे एक वर्णन लिहावे. वेळ मिळेल तसा एकेका बस्त्याचा तपशील भरावा. प्रत्येक नोंदीखाली ती कोणी व केव्हा केली हे असावे, म्हणजे दुरुस्ती कोणाला कळवावयाची ते समजेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम देता येईल. एखाद्या विषयावर चार पुस्तकांतून उतारे जुळवून प्रबंधिका लिहिण्यापेक्षा, वीस कागदांचे अचूक वर्णन केलेल्या विद्यार्थ्याला संशोधन म्हणजे काय हे अधिक लवकर कळेल. मोडी व शिकस्ता या दोन्ही लिप्यांची ओळख करून देणारे वर्ग भरविले, तर एका समाजाच्या मुलांना दुसऱ्याची लिपी वाचता येईल, हा वेगळाच लाभ.

हे करण्यासाठी केंद्रीय सेवा उभी राहण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. रकाने नीट भरलेले असतील, तर उद्या जी सेवा येईल तिच्यात ते घालता येतील. रकानेच नसतील, तर कितीही मोठी सेवा आली तरी आपल्याजवळ तिला देण्यास काही नसेल.

समारोप

इंदूर, भोपाळ, सीतामऊ, पुणे, दिल्ली, टोंक आणि लंडन येथील वर्णनांत एकाच वेळी शोध घेता येईल अशी सेवा आज नाही. ती व्हावी असा आग्रह अभिलेखागारांकडे, विद्यापीठांकडे व शासनाकडे आपण धरला पाहिजे. परंतु ती झाली तरी तिचे मोल तिच्यातील वर्णनांवर ठरेल. भाषा न सांगणारे, मिती चुकविणारे, एकच नाव ओळखणारे वर्णन हजार ठिकाणी पोहोचले तरी ते अपुरेच राहील.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोर विचारलेल्या त्या प्रश्नाला आज आपण "शोध घ्यावा लागेल" एवढेच उत्तर देऊ शकतो. आपल्या विद्यार्थ्याच्या विद्यार्थ्याला अधिक नेमके उत्तर मिळावे असे वाटत असेल, तर आपल्या संस्थेच्या कपाटातील पहिला बस्ता या वर्षी सोडावा, त्यातील कागद मोजावे आणि त्यांचे वर्णन लिहावयास घ्यावे.